आत्याचं पाणी

अकोल्याच्या उन्हाला पुरून उरलेला जगात एकच माणूस आहे, आणि ती आमची मोठी आत्या. मे महिन्यात इथे डांबर वितळतं, पण ही बाई सकाळी ऑफिसला निघाली की घरी परतेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. ऑफिस सरकारी, आणि तिथली पहिली बाई हीच. रुजू व्हायला गेली तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "बाईमाणसाची सोय नाही हो इथे. परत जा." आत्या म्हणाली, "सोय नाई त नाई. मी पानीच नाई पेत." आणि खुर्चीवर बसली. सरकारच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. पुढे दोनदा मुतखडा झाला, तो तिने नशिबावर ढकलला.

मग सरकारचं मत बदललं. बायांशिवाय देश पुढे जात नाही, असं वरून पत्र आलं. दर महिला दिनाला आत्याचा सत्कार होऊ लागला. रांगोळी तिनेच काढायची, हार तिनेच आणायचे, चहा तिनेच सांगायचा, आणि मग पुढे बसून शाल घ्यायची. बायांसाठी संडाससुद्धा बांधला, पांढऱ्या फरशा लावून. पण घ्या! त्यात महिला सक्षमीकरणाचे फलक रचून ठेवले, कारण दुसरीकडे जागा नव्हती. कुलपाची किल्ली येईल त्या साहेबांच्या खिशात. आत्याने कधी मागितली नाही.

गेल्या वर्षी ऑफिसात दोन पोरी लागल्या, एक वरूडची, एक भातकुलीची. आठवडाभरात दोघींनी पाण्याच्या बाटल्या घरी ठेवायला सुरुवात केली. ते पाहून मात्र आत्या हादरली. "व माय! माह्यी खोड या पोरीयले काहून लागली?" दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघींना घेऊन ती थेट साहेबांच्या बंगल्यावर गेली. साहेबांच्या बायकोला म्हणाली, "मॅडम, सायबाशी काम नाई. तुमच्या संडासाशी हाय." मग रोजच जाऊ लागली. आठवडा संपायच्या आत साहेब स्वतः किल्ली घेऊन आले. फलक आता त्यांच्याच केबिनमध्ये आहेत, साहेब त्यांच्या आडून सह्या करतात.

मागच्या महिन्यात आत्या निवृत्त झाली. पोरींच्या टेबलांवर बाटल्या असतात, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. स्वतः दुपारी ओसरीवर बसते, ओठ कोरडे पडलेले, समोर माठातलं गार पाणी. मी तांब्या पुढे करतो. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते.

"थांब ना बापू," ती म्हणते, "आफिस सुटू दे."