तुळईजवळची फट

आजच्या कामांत खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी बुजवणं होतं. पुट्टी कालवताना ओल्या चुन्याचा वास आला आणि मला आमचं सेलूचं घर आठवलं.

वाटणीनंतर आमच्यात आणि मोठ्या काकूंच्यात विटांची एकच भिंत होती, पण बोलणं बंद होतं. त्या उन्हाळ्यात कडुनिंबाची तुळई वाळून आकसली आणि भिंतीशी फट पडली. बाबा त्यात चुन्यात भिजवलेला ताग ठासत होते. आई तापानं निजून होती.

पलीकडून काकू म्हणाल्या, "भावजी, ऱ्हाऊ द्या की थोडी. हिचा खोकला ऐकू येतो, तेवढंच कळतं कशी हाय ते."

आई पडल्या पडल्या बाबांना म्हणाली, "तुमी बुजवा. खोकलाच ऐकायचा आसल तर दारानं या म्हणावं."

मला तेव्हा तो टोमणा वाटला. बाबांनी मात्र थापी खाली ठेवली आणि जाऊन दाराची कडी काढली.