रांजणातल्या सोळा मात्रा

नवं पातेलं घेताना म्हाळसाताई आधी त्यावर नख वाजवून बघते. कुकरची शिट्टी पूर्ण विरेपर्यंत कुणाशी बोलत नाही. चहा आला की कपाच्या काठावर फुंकर घालत बसते, चहा निवून जातो. पेन्सिल केसांत खोचते आणि घरभर शोधते. गुणगुणत मात्र कधीच नाही. आणि काही विचारलं तर लगेच उत्तर देत नाही. ऐकूच गेलं नाही असं वाटून माणूस पुन्हा विचारायला तोंड उघडतो, तेवढ्यात उत्तर येतं.

ही शेवटची सवय विश्वजीतला फार उशिरा उमगली.

म्हाळसा कोळपे दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढली. आजोबांनी मेंढरं हिंडवली, वडील रेल्वेत गँगमन झाले, आणि शेजारच्या निवृत्त गार्डसाहेबांनी या पोरीच्या हातात व्हायोलिन दिलं. आता ती कॉलनीतल्या मुलांना पेटी आणि व्हायोलिन शिकवते. विश्वजीत तिच्याकडे शिकायला आला होता. एम.ए. मराठी झालेला, सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. त्याचा हात काही वळला नाही. मैत्री तेवढी राहिली.

गेल्या हिवाळ्यात तो तिला टाकळी हाजीला घेऊन गेला, कुकडीचे रांजणखळगे दाखवायला. नदीने खडकात कोरलेले, रांजणाएवढे खोल खड्डे. लोक फोटो काढत होते. म्हाळसाताई खडकावर पालथी पडली आणि कान दगडाला लावला. विश्वजीतनेही लावला. पाणी एका रांजणात शिरायचं, गरगरायचं, नाहीसं व्हायचं. मग काहीच नाही. मग पलीकडच्या रांजणातून एकच खोल स्वर वर यायचा.

"मधलं ऐकलंस?"

"मध्ये काहीच नव्हतं, ताई."

"ते लिहायचंय मला."

तिने लिहिलं. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि ढोल. एका खोलीत बसून वाजवायचं, खोलीभर माणसांनी ऐकायचं. क्लॅरिनेटला शिरूरच्या बँडमधला भारत. ढोलाला भिमाजीमामा, ज्यांचं आयुष्य धनगरांच्या गजीनृत्याला ढोल वाजवण्यात गेलं. पहिला भाग पाणी आत शिरण्याचा. मग सोळा मात्रा रिकाम्या. मग तो स्वर.

अडलं ते त्या सोळा मात्रांवर. दोघांनाही गप्प बसता येईना. चौथ्या मात्रेला भारतची बोटं हलायची, एखादी तान सुटायचीच.

"ताई, वरातीत क्लॅरिनेट थांबलं तर नवरदेवाचे दोस्त अंगावर येत्यात. ही सवय पोटापाण्याची हाय."

मामांचं दुखणं वेगळं. ढोल गप झाला की लोक म्हणणार, म्हातारा गेला.

म्हाळसाताई रागावली नाही. पुढच्या रविवारी तिने दोघांना नदीवर नेलं. मामांनी फेटा सोडला, बाजूला ठेवला आणि कान टेकवला. बराच वेळ उठलेच नाहीत. परत येताना चहाच्या टपरीवर त्यांनी एवढंच विचारलं, ते पाणी खाली काय करत असंल?

तरीही तालमीत बाराव्या मात्रेला घोडं अडायचंच. विश्वजीतने सुचवलं, चारच मात्रा ठेवू, लोक कंटाळतील. उत्तर नेहमीसारखं उशिरा आलं.

"मग रांजण कशाला? नळच वाजवू की."

कार्यक्रम शिरूरला झाला, एका छोट्या वाचनालयात. तिने पंखे बंद करायला लावले. पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे, माजी सभापती, वारा घेत बसले. पाणी रांजणात शिरलं. गरगरलं. थांबलं.

शांतता पडली की माइक घ्यायचा, एवढं निवेदकाला पाठ होतं. त्याने माइक घेतला. जोरदार टाळ्या मागितल्या आणि सत्कारासाठी पाहुण्यांना मंचावर बोलावलं. पाहुणे उठले. शाल उलगडली. नारळ मागून आला. विश्वजीतने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

उघडले तेव्हा म्हाळसाताईच्या व्हायोलिनचा गज तसाच हवेत होता. ती ना पाहुण्यांकडे बघत होती, ना टाळ्यांकडे. भारतच्या ओठांत क्लॅरिनेट होतं, बोटं जागच्या जागी. भिमाजीमामांनी ढोलाच्या पानावर तळहात दाबून धरला होता. दुसरा हात त्यांनी पाहुण्यांपुढे आडवा केला.

"दादा, बसा जरा," ते हळू म्हणाले. "पाणी अजून खाली हाय."

सभापती खाली बसले. टाळ्या एकेक करत विझल्या. निवेदकाने माइक खाली धरला. मात्रा सोळा राहिल्या नव्हत्या, कितीतरी जास्त झाल्या होत्या. कुणी खोकलं नाही. आणि मग तो स्वर आला, खालून, क्लॅरिनेटचा. पुढे काय वाजलं ते विश्वजीतला आठवत नाही. सत्कार राहिला तो राहिलाच. शाल पाहुण्यांच्या मांडीवर होती, ती तशीच त्यांच्याबरोबर गेली.

आता शेवटचा भाग लिहायचा राहिलाय. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा दौंडच्या रेल्वेपुलाखालून जाते. म्हणजे रांजणातलं पाणी शेवटी तिच्या घराजवळून वाहतं. पण पुलाखाली ते आवाजच करत नाही. रोज संध्याकाळी ती घाटावर जाऊन बसते.

परवा विश्वजीत तिच्याकडे होता, तेव्हा भारतचा फोन आला. ताई, पुढचं कवा? तिने फोन कानाला धरला, केसांतली पेन्सिल चाचपली. पलीकडून भारतनेही पुन्हा विचारलं नाही. समोर कागद होता. पुलापर्यंत ढोल लिहून झाला होता. व्हायोलिनची ओळ अजून कोरी होती.