नानाजींच्या हातावर काय लिहायचं

इतवारीतल्या आमच्या गल्लीत कोणी हरवलं असेल तर ते नानाजीच असतात. बाकीच्यांना तेवढी फुरसत नाही. नानाजी म्हणजे माझ्या घरमालकीणबाईंचे वडील, वय ऐंशीच्या घरात. जन्मभर त्यांनी इथल्या बाजारातलं धान्य टेम्पोत भरून गावोगावी पोचवलं. आता डोक्यातले रस्ते पुसले गेलेत, पायांची निघायची सवय मात्र तशीच आहे. चहाला म्हणून घरातून उतरतात आणि दूर कामठीला निघालेल्या ऑटोत बसलेले सापडतात.

घरमालकीण म्हणजे जयवंताताई. नवरा वारल्यावर त्या बापाकडे आल्या, की बाप त्यांच्याकडे राहिला, हे आता सांगणं कठीण. खालच्या खोलीत त्या साड्यांना फॉल-पिको करतात. मशीनवर बसूनही दार दिसलं पाहिजे म्हणून मशीन खोलीच्या मधोमध तिरपं ठेवलंय, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याला अडखळतं. मी उमरेडहून नोकरीसाठी आलेला, वरच्या खोलीतला भाडेकरू. खोली देताना ताईंनी माझा पगार विचारला नाही, गाडी आहे का एवढंच विचारलं. त्याचा अर्थ मला पुढच्याच आठवड्यात कळला.

सगळे उपाय करून झाले होते. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली, ती धुण्यात गेली. गळ्यात ओळखपत्र अडकवलं, ते त्यांनी कोराडीच्या बसमध्ये शेजारच्या बाईला तिच्या पोरासाठी देऊन टाकलं. ताईंच्या पुण्यातल्या भावानं, रोहितनं, ठिकाण दाखवणारं घड्याळ पाठवलं. ते नानाजींनी चहावाल्याला दिलं. परत आणून बांधलं की ते परत जाऊन देऊन येत. रोहितला पुण्यात बसून वडील दिवसभर चहाच्या टपरीवर दिसायचे, त्यामुळे तो अगदी निर्धास्त होता.

मग भर मे महिन्यात नानाजी सकाळचे गेले ते सापडेचनात. ऊन उतरल्यावर कामठीत यंत्रमागाच्या एका शेडबाहेर, ओट्यावर बसलेले आम्हाला दिसले. ओठ सुकून फुटले होते. ताई रागावल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांना पाणी पाजलं, ऑटोत बसवलं आणि मला म्हणाल्या, "प्रीतम, ते टॅटूचं दुकान कुठी हाय गा?"

"काहून? तुम्हाला काढायचाय?"

"मले कोन पायते आता. बाबाच्या हातावर माहा फोन नंबर गोंदून टाकू. हात तर कोनाले देऊन येनार नाहीत."

टॅटूवाल्या पिंटूच्या दुकानात आम्ही तिघं शिरलो तेव्हा त्याला वाटलं, मीच गिऱ्हाईक आहे. खरं कळल्यावर त्यानं नानाजींपुढं अल्बम उघडला. त्रिशूळ, डमरू, पिसातून उडणारे पक्षी. नानाजी सगळं लक्ष देऊन पाहत होते. सिंहावर थांबले.

"हा कोनाचा कुत्रा हाय?"

"नानाजी, रोज पाच पोरं हाच काढून नेतात," पिंटू म्हणाला.

"मंग चावत नसन."

ताईंनी अल्बम मिटला. "नंबर टाका जी. दहा आकडे. बाकी काही नको."

नानाजींनी मान वर केली. "मी काय टेम्पो हाव काय वं, नंबर टाकाले?"

ताई स्टुलावर बसल्या. "मंग तुमीच सांगा बाबा, काय लिहू? नाव लिहिलं त लोक नाव घेऊन काय करतीन? पत्ता लिहिला त घरापावतर कोन आनून सोडते?"

पिंटूकडे एक पद्धत होती. मैत्रिणीचं नाव काढून घेऊन सहा महिन्यांनी रडत परत येणाऱ्यांना वैतागून त्यानं ती सुरू केली होती. आधी पेनानं काढून देणार, पुसट झालं की गिरवा, आठ दिवस मिरवा, नाही पटलं तर नळाखाली धुवा. त्यानं नानाजींच्या हातावर आतल्या बाजूनं पेनानं नंबर लिहिला आणि आम्हाला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंचा फोन वाजायला लागला. "तुमचे वडील इथे आहेत," न्हावी सांगायचा. भांडेवाला सांगायचा. कोणी अनोळखी माणूस अगदी घाबरून सांगायचा, आणि नानाजी चार दारं सोडून पायरीवर बसलेले असायचे. मग कळलं की हा उद्योग नानाजींचाच. येणाऱ्याजाणाऱ्यापुढं हात करून ते म्हणत, "हा लावा. माही पोरगी येते."

साडी अर्धी मशीनखाली टाकून ताई जायच्या.

"काहून बोलावलं बाबा?"

"काही नाही. तू येतं का नाही ते पाहून राहिलो."

ताई तिथंच पायरीवर घटकाभर बसायच्या आणि परत यायच्या. मी म्हटलं, "ताई, ह्यानं तर त्रास वाढला."

"वाढला नं. आधी मी त्यायले शोधत होती, आता ते मले शोधून राहिले. पाय तेवढेच दुखते." मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "अन् मीच मेली त हा नंबर कोन उचलन?" हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जिन्याकडं पाहिलं.

आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. पिंटूनं विचारलं, "पटला का नानाजी?"

"चालते. यानं येते माही पोरगी."

सुई सुरू झाली. म्हातारी कातडी सैल, ती ताणून धरायचं काम माझ्याकडं आलं. आठ आकडे नानाजींनी गुपचूप सोसले. मग हात ओढून घेतला.

"बस झालं."

"दोनच राहिले, नानाजी."

"बस म्हटलं नं."

"दोन मिनिटं गच्च धरा," पिंटू मला म्हणाला. मी मनगट धरलं. नानाजींच्या हातात अजून पोती उचलल्याची ताकद होती, पण ते ओढत नव्हते, नुसते ताईंकडं पाहत होते.

"सोड त्यायचा हात," ताई म्हणाल्या.

"ताई, आठ आकड्यांवर कोणाचाच फोन लागत नाही."

"मले कळते गा ते. पन नाही म्हनते तर नाही. सोड."

मी सोडला. नानाजी हातावर फुंकर घालत बाहेर जाऊन उभे राहिले.

तेव्हापासून रोज आंघोळीनंतर ताई चष्मा लावतात आणि उरलेले दोन आकडे पेनानं लिहितात. घामानं ते दुपारपर्यंत जातात. एकदा कोण्या भल्या माणसानं अंदाजानं आकडे फिरवत फिरवत, गोंदियाच्या एका बाईच्या शिव्या खाऊन, शेवटी ताईंना गाठलं.

अलीकडं नानाजी स्वतःच पेन घेऊन येतात, मशीनजवळ उभे राहतात आणि बाही वर करतात.

"थांबा बाबा, एवढी फॉलची पट्टी होऊ द्या."

ते थांबत नाहीत. हात तसाच पुढं धरून ठेवतात. ताई मशीनच्या पायट्यावरचा पाय काढतात आणि पेन घेतात.