ओठावर ठेवलेलं बोट

दादांना भेटायला जायचं तर न सांगता जायचं, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. फोन करून गेलं की चादरी बदललेल्या असतात, वरणात डाळ असते आणि सगळ्यांची तोंडं हसरी असतात. मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून रिटायर झालो. भरलेली ट्रॉली काट्यावर येते तेव्हा दोन गडी उसाच्या आड दडून बसलेले असतात, आणि तीच ट्रॉली रिकामी होऊन वजनाला येते तेव्हा ते टपरीवर चहा पीत असतात; त्यांचं वजन उसात जमा. हे ज्यानं वर्षानुवर्षं पाहिलं, त्याला समोर दिसतं त्यावर विश्वास ठेवणं जड जातं.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. बेंबळीच्या शेतात ते राबले म्हणून मी शिकलो. वहिनी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरात मी सत्तरी ओलांडलेला, बायकोचे गुडघे कामातून गेलेले, मुलगा पुण्याला, आणि ओसरीतल्या बाजेवर नव्वदीची आई. दादांना कुशीवर वळवायला मला जमत नव्हतं. म्हणून धाराशिवच्या बाहेर एका केंद्रात त्यांना ठेवलं. अंथरुणाला लागलेल्या म्हाताऱ्यांची तिथं शुश्रूषा करतात. गावात सगळे त्याला आश्रमच म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली नेतात. आईला मी सांगितलं होतं, दादा दवाखान्यात आहेत, बरे झाले की आणतो.

गेलो की मी आधी दादांशी बोलत नसे. आधी वास घ्यायचा. मग चादर उचलून गादी हातानं दाबून बघायची, ओल आहे का. टाचा बघायच्या, माकडहाड बघायचं, नखं बघायची. पाण्याचा तांब्या दादांच्या डाव्या हाताला आहे की उजव्या, हे बघायचं, कारण उजव्या बाजूला ठेवला तर तो दाखवण्यापुरता. एकदा स्वयंपाकघरात शिरून दुधाच्या पातेल्यात बोट बुडवून पाहिलं. काही सापडलं नाही, तर संशय आणखी वाढायचा. वाटायचं, हे लोक माझ्याहून हुशार आहेत.

शेजारच्या पलंगावर भूमकडचे एक आजोबा होते, आयुष्यभर मेंढरं राखलेले; सगळे त्यांना भूमकरच म्हणायचे. पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत. मला दारात बघितलं की ओरडायचे, "उठा रं, भरारी पथक आलं!"

मी त्यांना बाजूला घेऊन विचारायचो, "खरं सांगा, पोटभर देतात का?"

"देत्यात की."

"आणि आम्ही नसतो तेव्हा?"

"तुमी नसता तवा जरा जास्त देत्यात. पातेल्यात बोटं घालनारं कुनी नसतंय न्हवं."

सगळी खोली हसली. दादांचाही अर्धा चेहरा हसला. मला वाटलं, हा म्हातारा त्यांनी फितवलेला आहे.

मग आई गेली. झोपेतच गेली. दादांना आणायचं का, हा प्रश्न बायकोनं विचारला. मी म्हणालो, धक्का बसेल, दुसरा झटका येईल. बाहेर लोकांना सांगितलं की ते शुद्धीत नसतात. रिवाजाप्रमाणे आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, त्यामुळं थोरल्यावाचून काही अडलं नाही आणि कुणी जास्त विचारलंही नाही. खरं कारण धक्क्याचं नव्हतं. आई शेवटपर्यंत त्यांची वाट बघत होती आणि मी तिला दवाखान्याचं खोटं सांगत होतो, हे दादांना कळू नये असं मला वाटत होतं.

दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवली. तेराव्यानंतर दादांकडं गेलो तेव्हा कानांवरून उपरणं गुंडाळलं आणि तोंडाला मास्क लावला. खोकला झालाय म्हणालो. दादा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी मास्क खाली ओढला. माझ्या बोडक्या ओठावर बोट ठेवलं, तेच बोट आपल्या ओठावर नेलं, पुन्हा माझ्या ओठावर आणलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण लकवा झाल्यापासून त्यांच्या एका डोळ्याला सारखं पाणी यायचंच, त्यामुळं ते मी धरलं नाही.

मी खुणेचा अर्थ लावला: तू खातोस, मला मिळत नाही.

इतके दिवस हाती न लागलेला पुरावा दादांनीच दिला असं वाटून मी तरातरा सिस्टरांकडं गेलो. केंद्र त्याच चालवतात. म्हणालो, "आमचा माणूस उपाशी आहे."

त्या म्हणाल्या, "काका, आत्ता तासाभरापूर्वी मी स्वतः खिचडी भरवलीय."

"भरवली म्हणता. पोटात गेली का?"

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मास्क वर ओढायचा राहिला होता.

पुढच्या खेपेला गेलो तर दादांचं डोकं तुळतुळीत. आणि मिशी नाही. दादांची मिशी बेंबळीच्या बाजारात लोक लांबून ओळखायचे. वडील गेले तेव्हा उतरवली तेवढीच, एरवी तिला कधी वस्तरा लागला नव्हता. मी दारातूनच आरडाओरडा केला. उवा पडू दिल्या, अंघोळ घालत नाहीत, आणि मेंढरासारखं भादरून टाकलं माणसाला!

सिस्टर धावत आल्या. "त्यांनीच खुणा करून सांगितलं. जेवेनात, ताट ढकलून द्यायचे. शेवटी न्हाव्याला बोलावलं, मग जेवले."

"वाचा गेलेला माणूस मिशी काढा म्हणून सांगतो होय?"

"काका," त्यांनी आवाज खाली आणला, "तुमच्या घरी काही झालंय का?"

दादा पलंगावर होते, आमच्यापासून हातभर अंतरावर. ते माझ्याकडं बघत होते. मला अजूनही माझ्या तोंडून निघालेले शब्द ऐकू येतात.

"आमच्या घरी काही झालेलं नाही," मी म्हणालो.

दादांनी डोळे मिटून घेतले.

त्याच दिवशी जीप करून मी त्यांना गावी आणलं. दारात माणसं जमली. मी मोठ्यानं सांगत होतो, बघा काय दशा केलीय, उवा झाल्या म्हणून भादरला माणूस, उपाशी ठेवला. भावकीतला एक पुतण्या म्हणाला, "काका, आजीचं केलं आसंल की त्यांनी."

"त्यांना सांगितलंय कुणी? त्यांना ठाऊकच न्हाय."

पुतण्या माझ्याकडं बघत राहिला. "सांगितलंच न्हाय व्हय?" एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला.

आम्ही दादांना उचलून ओसरीत नेलं. आईच्या बाजेची जागा रिकामी होती. मी वाटेतच खोटं तयार ठेवलं होतं: आई पुण्याला नातवाकडं गेलीय, बारशाला. ते वापरायची वेळच आली नाही. दादांनी आईला शोधलंच नाही. आत नाही बघितलं, दाराकडं नाही, कुणाच्या तोंडाकडं नाही. फक्त बाजेच्या जागेकडं हात केला, मला तिथं टेकवा म्हणून. टेकवल्यावर डावा हात छातीशी नेला आणि मान खाली घातली.

माझ्या ओठावरचं ते बोट मला तेव्हा कळलं. तुझी मिशी गेलीय, मग माझीही गेली पाहिजे, असं ते म्हणत होते. आणि मी खिचडी पोटात गेली का, हे विचारत बसलो होतो.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "दादा, चहा घेता का?"

घरी दादा पावसाळ्यापुरतेच राहिले. मी आणि बायको मिळून त्यांना वळवायचो, पण वेळच्या वेळी जमेना. आश्रमात ज्या टाचा मी भिंग लावल्यासारख्या तपासायचो, त्या माझ्या घरात आधी लाल झाल्या, मग फुटल्या. एके सकाळी चादर उचलली आणि नाकाला वास आला. हा वास मी तिथं कितीदा शोधला होता. सापडला आमच्या ओसरीत.

सिस्टरांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा आधी फोन करून, दादांना घेऊन परत गेलो. त्यांनी दादांच्या टाचा बघितल्या, माझ्याकडं बघितलं, आणि जखम धुवायला लागल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

भूमकरांनी मात्र सोडलं नाही. "आज गादी दाबायची न्हाय का पाव्हणं?"

मी म्हणालो, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हाय कशानं? तुमी गेला आन् हात डोक्यावर न्यायचे, मग मिशीवर. ताट आलं की तेच. म्या सिस्टरला म्हनलं, ह्यांचं जवळचं मानूस गेलंय, न्हावी बोलवा. सिस्टरनं गरम पानी घातलं अंगावर, भाताचा घास खिडकीत ठिवला. आमच्या खोलीत त्या दिशी कुनी गोड खाल्लं न्हाय. शिरा व्हता, वाईट वाटलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सिस्टरनं इचारलं की तुमाला. तुमी काय म्हनला?"

मी सिस्टरांसमोर, त्याच पलंगाशी उभा राहून म्हणालो, "दादा, आपली आई गेली. मी तुम्हाला सांगितलं नाही. ती रोज तुमचं विचारायची, आणि मी तिला खोटं सांगायचो."

दादांनी सगळं ऐकलं. मग मान वळवून त्यांनी तांब्याकडं बोट केलं. मी पाणी पाजलं. त्यांनी मला माफ केलं की नुसती तहान लागली होती, हे मला आजही सांगता येत नाही.

गावात मात्र उवांची गोष्ट तशीच राहिली. ती मी पसरवली होती आणि ती मोडायला मी गेलो नाही. त्या पुतण्याची आई आता अंथरुणाला लागली आहे. तो तिला तिथं ठेवणार होता, माझ्या बोलण्यानं थांबला. परवा त्याच्याकडं गेलो तर म्हातारी एकाच कुशीवर पडलेली, सून रडकुंडीला आलेली. मी त्याला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. उवा नव्हत्या, उपासमार नव्हती, मिशी का गेली, सगळं.

तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, "काका, आदी वाईट म्हणला, आता चांगलं म्हणता. किती कमिशन भेटलं?"

चिडायचा मला हक्क नव्हता. म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नको. उद्या चल. फोन करू नको. चादर तू उचल, टाचा तू बघ."

आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. भूमकर ओरडले, "आता दोघं दोघं!" पुतण्यानं गादी दाबली, माझ्यापेक्षा नीट. दादांच्या टाचांवर नवी कातडी धरली होती. मग तो थेट दादांपुढं वाकला. "थोरलं काका, हितं ठिवू का आईला? खरं सांगा."

दादांची मिशी आता परत आली आहे, पांढरी आणि आखूड. त्यांनी तिच्यावरून डावं बोट फिरवलं, एक टोक पिळलं, आणि होय म्हणून मान हलवली. पुतण्या हसला. मग दादांनी हात वर धरून त्याला थांबवलं, त्याच्या छातीवर बोट टेकवलं, नंतर आपल्या कानावर.

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणत्यात?"

या वेळी मी अंदाज बांधला नाही. दादांनाच विचारलं, "घरात काही झालं तर तिला सांग, असं म्हणता का?"

दादांनी मान हलवली. माझ्याकडं न बघता.