बारशाची आत्या

नोकरीतल्या बहुतेक केस डोक्यातून गेल्या. ही गेली नाही. मी सातवी शिकलेली. नवरा ड्युटीवर वारला, त्याच्या जागी शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. कायद्याची कलमं मला साहेबांना विचारावी लागत. माणसं मात्र पुष्कळ पाहिली.

नवी मुंबईतल्या ज्या ठाण्यात मी तेव्हा होते, तिथे सकाळची हजेरी झाली की ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे रांग लागायची. कोणाचं पाकीट गेलं, कोणाच्या दारात शेजारी गाडी आडवी लावतो. त्या रांगेत दिघ्याची एक पोरगी दोन दिवस दिसत होती. मोबाईल हरवलाय म्हणायची आणि नंबर आला की निघून जायची. दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. एवढ्या उकाड्यात तिने ओढणी छातीवर दुहेरी घट्ट धरली होती, तरी खालचा कुर्ता ओला दिसत होता.

मी तिला महिला कक्षात नेलं आणि दार लोटलं.

"मूल कुठे आहे?"

"बाई, मोबाईल..."

"मोबाईल हरवला म्हणून दूध येत नाही. मूल कुठे आहे?"

मग ती बोलली. कंपनीत पॅकिंगच्या कामाला होती. लग्न करतो म्हणणारा दिवस राहिल्यावर पळून गेला. तेवढ्यात सानपाड्याची एक ताई भेटली. ताईने दवाखाना बघितला, मुलगी झाल्यावर स्टॅम्प पेपरवर सही घेतली आणि पोर नेली. मोठ्या घरात देते, म्हणाली. खोलीवर परत आल्यावर या पोरीला चैन पडेना. तिने ताईला फोन लावला.

"काय म्हणाली ताई?"

"बोलली, पोलिसात गेलीस तर तुलाच आत टाकतील, मूल विकलं म्हणून. आणि बोलली, विसर आता. बारसं झालं की ते लोक तिला घेऊन लांब जाणार, दुसऱ्या राज्यात." तिने माझा हात धरला. "बाई, मला टाकतील का आत?"

"ते नंतर बघू. ताईचा पत्ता सांग."

आमचे फौजदार साहेब तरुण होते, पण कायदा पक्का. त्यांनी मला सोप्या भाषेत सांगितलं. परक्या घरात मूल द्यायचं तर सरकारमान्य संस्था आणि बालकल्याण समिती, याच वाटेने. मध्ये उभं राहून मुलं पोचवणाऱ्याला तिथे जागा नाही. आणि आई स्वतः मूल सोडायला आली, तरी तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. या पोरीला ताईने दोन दिवसही दिले नव्हते. जबाब घेतला, ताईवर गुन्हा नोंदवला. आता बारसं कधी आणि कुठे, हे कोणाला माहीत नव्हतं. ताईच्या फोनचे तपशील मागवले असते तर ते येईपर्यंत पोर राज्याबाहेर गेली असती.

आम्ही साध्या कपड्यांत सानपाड्याला गेलो. ताईने दार उघडलं ती पैठणी नेसून, केसात गजरा. चांगली सोसायटी, चांगलं घर. भिंतीवर पाटी, 'दत्तक मार्गदर्शन'. साहेबांनी ओळखपत्र दाखवलं. ती जराही दचकली नाही.

"बसा ना. चहा टाकू? मी लग्नाला निघालेय, पण पाच मिनिटं आहेत."

साहेबांनी विचारलं, दिघ्याच्या मुलीला ओळखता का? नाही. मूल कोणाला दिलं? कोणाचं मूल? साहेब कलमं सांगत होते, ती मान हलवत होती. "आम्ही समाजसेवा करतो साहेब. सरकारी रांगेत लोक म्हातारे होतात. त्यांना रस्ता दाखवते, बस. लिहून ठेवा, माझ्यावर एक तक्रार नाही." अशी बाई एकदा अटक झाली की वकील येईपर्यंत तोंड उघडत नाही, हे मला माहीत होतं. तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती.

खुर्चीवर तिची पिशवी होती. वर नवी कोरी, जरीकाठाची कुंची.

"लग्नात नवऱ्याला कुंची घालतात का तुमच्यात?" मी विचारलं.

"ती... भाचीला बाळ झालंय. तिच्याकडे जाऊन मग लग्नाला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना खुणेनं गप्प बसवलं आणि पाय पसरून बसले. गुन्हेगार माणूस भीतीने कमी बोलतो, अपमानाने जास्त. हे मी चौकशीच्या खोलीत नाही, नळावरच्या भांडणात शिकले.

"साहेब, उठा," मी म्हटलं. "या बाईला काय माहीत असणार? मूल आणून देणारीला एकदा काम झालं की कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. दार लावून घेतात. आपली लाज हिला माहीत आहे म्हणून रस्त्यात ओळख देत नाहीत. हिला कोण सांगणार मूल कुठे गेलं ते?"

"तुमी कोणाशी बोलताय?" ती उसळली. "मला ओळख देत नाहीत?"

"नाहीच देत. दलाल तो दलाल."

"दलाल कोणाला बोलता? ज्या घरात मी मूल देते त्या घरची मी आत्या होते! पाळण्यात कानात नाव मी सांगते, सख्खी नणंद बाजूला उभी राहते. माझ्याशिवाय पाळणा हलत नाही. आता कळंबोलीला हॉल घेऊन, पन्नास बाया बसवून माझी वाट बघतायत..."

तिथे ती थांबली. तिचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. माझा आधीच त्यावर होता.

तेवढ्यात तो फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'कळंबोली वहिनी'. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. आत्या येत नाही म्हटल्यावर कोणाच्याही मनात पाल चुकचुकली असती. साहेबांनी कळंबोलीच्या पोलिसांना फोन करून बारशाचा हॉल शोधायला सांगितला. मी ताईला अटक करून गाडीत बसवलं. कुंचीची पिशवी माझ्याकडे घेतली. रस्ता ट्रेलरनी भरलेला होता. ताईचा फोन माझ्या मांडीवर वाजत होता, आणि मग वाजायचा थांबला. ते वाजण्यापेक्षा वाईट होतं.

कळंबोलीच्या पोलिसांनी कळवलेल्या हॉलच्या दारात एका मोठ्या गाडीत बॅगा भरणं चालू होतं. साहेब त्या गाडीपुढे उभे राहिले. मी आत गेले.

"तुमी कोणाकडच्या?" एका म्हातारीने विचारलं.

"आत्याकडून आले," मी पिशवी दाखवत म्हटलं. बायांनी वाट दिली.

पाळण्याशी कोणी नव्हतं. मूल आतल्या खोलीत, ती वहिनी त्याला बाटलीने दूध पाजत होती. मी ओळख सांगितली. ती ओरडली नाही. बाटली तशीच धरून म्हणाली, "पण ताईंकडे सरकारचं लायसन आहे. आमच्याकडे पेपर आहेत. जन्मदाखल्यावर आई म्हणून माझं नाव आहे."

"असं लायसन कोणालाच मिळत नाही. दाखला खोटा आहे. मूल द्या."

"पिऊन तरी होऊ दे तिला."

मी पिऊन होईपर्यंत थांबले. मग पंचांसमोर मूल ताब्यात घेतलं आणि वैद्यकीय तपासणीला नेलं. गाडीत ताईने एकच प्रश्न विचारला, "नाव काय ठेवलं हो?"

"ठेवलं नाही," मी सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

समितीने मुलीला शिशुगृहात ठेवलं आणि आईला विचार करायला तेच दोन महिने दिले. दिघ्याची पोर कामावरून सुटली की तिथे जायची, तिला मांडीवर घ्यायची, पाजायची. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं, आता ही घेऊन जाणार. दोन महिने सरत आले तशी ती समितीपुढे उभी राहिली आणि तिने मुलीला रीतसर सोडून दिलं.

साहेब चिडले. "मग आपण धावलो कशाला?"

मी तिला बाहेर गाठलं. "कोणी जोर केला का? खरं सांग."

"नाय बाई. रोज घेऊन बसले, रोज विचार केला. मी कामाला गेल्यावर तिच्याजवळ कोणी नाय. तेव्हा तिला नेली होती. आता मी दिली."

ती रडत नव्हती. मी तिला रिक्षात बसवलं.

लोक मला सांगतात की सरकारी वाट फार लांब आहे, मधली माणसं काम पटकन करतात. करतात, खरं आहे. त्या ताईने पटकन केलं, म्हणजे एका आईचा विचार करायचा वेळ कापून दुसऱ्या बाईला दिला. आमचं काम तो वेळ परत आणून देण्याचं होतं. त्या वेळेत ती पोर काय ठरवते, हे ठरवायला ना ताई लागत होती, ना पोलीस.