पडद्याच्या कपाळावरचं कुंकू

आमच्या गौलीगुड्याच्या मराठी शाळेत सरकारने कॉम्प्युटर धाडले, त्या दिवशी गल्लीत रहदारी अशी तुंबली की बस स्टँडवरून सुटलेली नांदेडची गाडी म्हणे तिसऱ्या दिवशी पोचली. मी वाढवून सांगत नाही. वाढवायचं असतं तर चौथा दिवस सांगितला असता.

यंत्रं आली, त्यांच्याहून मोठा फलक आला आणि फलकावर यंत्रांहून जास्त फोटो आले. इंटरनेटही आलं, पण शाळेसमोरच्या खांबापर्यंत. खांबापासून खिडकीपर्यंत तार ओढणं हे दुसऱ्या खात्याचं काम, आणि ते दुसरं खातं कोणतं हे पहिल्या खात्याला ठाऊक नव्हतं. तार वेटोळं घालून खांबावर बसली. तिच्यात कावळ्यांच्या दोन पिढ्या वाढल्या आणि बहुधा ऑनलाइन शिकून उडूनही गेल्या.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, यंत्रांच्या पूजेला बसल्या. नारळ फुटला, पेढे वाटले, शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांनी प्रत्येक पडद्याच्या कपाळी, वर अगदी मधोमध, ओलं कुंकू लावलं. सगळ्या म्हणजे एक सोडून. गणिताच्या बाईंना त्या वेळी आठवीवर ‘जरा लक्ष ठेवायला’ पाठवलं होतं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि शाळेत हळदीकुंकू निघालं की त्यांना कुठल्यातरी वर्गावर लक्ष ठेवायचं काम निघायचं. हा आमचा कुठेही न लिहिलेला टाइमटेबल. गंमत अशी की याच यंत्रांसाठी खात्याच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या होत्या. पूजेच्या वेळी त्या आठवीला त्रैराशिक शिकवत होत्या.

पूजा झाली आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली मोठ्या बाईंच्या पदराला. यंत्रांना क्रोशाची झालर लावलेले झगे शिवले गेले. असला थाट माझ्या लग्नात नवरदेव म्हणून माझ्याही वाट्याला आला नव्हता. दर शुक्रवारी मुलं चपला काढून रांगेने दर्शन घेऊन जायची आणि मोठ्या बाई जुन्या कुंकवावर नवं कुंकू लावायच्या. कॉम्प्युटरचा इन्चार्ज मी. कारण काय, तर स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठा फोन माझा.

गणिताच्या बाई नववीला कॉम्प्युटर शिकवायच्या तो फळ्यावर. खडूने कीबोर्ड काढायचा आणि माऊस म्हणून साबणाची वडी फिरवायची. ‘एंटर’ म्हटलं की मुलं फळ्यावर अशी सणसणीत चापट मारायची की शेजारच्या वर्गातला शिवाजी महाराजांचा फोटो हलायचा.

“बाई, किल्ली द्या ना,” त्या मोठ्या बाईंना म्हणायच्या. “पोरं नुसता फळा बडवतायत.”

“अहो, पण बिघडलं तर? सरकारी माल आहे.”

“न वापरताही बिघडतोच की.”

“बिघडू दे. पण आपल्या हाताने नको.”

एवढ्यात वरून हुकूम आला. यंत्रं वापरात आहेत की नाहीत हे साहेब व्हिडिओवरून बघणार, तेही सरकारी यंत्राच्याच कॅमेऱ्यातून. वापरात नसतील तर उचलून दिलसुखनगरच्या एका शाळेत नेणार. स्टाफरूममध्ये सगळ्यांना हायसं वाटलं, चला, धूळ झटकायची कटकट गेली. गणिताच्या बाईंचा चेहरा मात्र उतरला. “ती गेली ना सर,” त्या मला म्हणाल्या, “तर ही पोरं जन्मभर साबणच फिरवत बसतील.”

तपासणी नेमकी शुक्रवारी. झगे उतरले, नववी यंत्रांपुढे बसली, इंटरनेट माझ्या फोनवरून ओढलं. खांबावरची तार बघत राहिली. पडद्यावर साहेब उगवले, बोली आमच्या शहरातली दखनी हिंदी.

“सर, कॅमेरा चालू करो.”

“चालू है साब.”

“क्या चालू है? पूरा लाल अंधेरा दिखरा. लॅब है की भट्टी? पाँच मिनट में बच्चे दिखे नै, तो इस्तेमाल में नै करके लिख देतौं मैं.”

मी पडद्याच्या चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली. मग दिसलं. ज्याला आम्ही कपाळ म्हणून पुजलं तो यंत्राचा डोळा निघाला! कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकवाचे थर चढून पर्वतीएवढी टेकडी झाली होती. दुसरं यंत्र पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळेच आंधळे.

“पुसायला लागेल,” मी म्हणालो.

“कुंकू?” मोठ्या बाई किंचाळल्या. “शुक्रवारचं? सवाष्ण बाईने? सर, जिभेला काही हाड?”

मराठीच्या बाईंना एकदम शिंक आली. चित्रकलेच्या बाईंचे हात म्हणे तेलकट होते. उरलो मी. मी तडफेने सरसावलो, मागच्या बाजूला. घरी बायको आहे, आणि ती सवाष्ण राहावी ही तिच्यापेक्षा माझी गरज मोठी.

“क्या पोंछना है? पोंछो ना जल्दी,” साहेब ओरडले. “कैकू परेशान करते?”

“सरका.”

शुक्रवार म्हणून आठवीवर धाडलेल्या गणिताच्या बाई दारातून आत आल्या. पदराचं टोक पाण्यात बुडवलं. “माझं काय जायचंय आता? जायचं ते गेलं.” आणि त्यांनी घासायला सुरुवात केली. आधी गुलाबी धुकं, मग पडदाभर त्यांचा चेहरा.

“हौ, अब दिखरे,” साहेब दचकून म्हणाले. “अम्मा, जरा पीछे. बच्चों से कुछ कराओ.”

बाई मागे सरल्या आणि सवयीने म्हणाल्या, “एंटर!”

नववीने सवयीने चापट मारली. सगळ्यांनी एकदम, पूर्ण पंजाने. असा धमाका झाला की पार कोटीच्या बाजारापर्यंत दुकानांची शटरं खाली आली.

“बस बस! आहिस्ता!” साहेब ओरडले. “इत्ता इस्तेमाल? लिख लिया, लिख लिया!” आणि पडद्यावरून नाहीसे झाले.

यंत्रं वाचली. पण गणिताच्या बाई थांबल्या नाहीत. एकेका यंत्रापुढे जाऊन, अजिबात घाई न करता, त्यांनी उरलेले सगळे डोळे पुसले. कुणी अडवलं नाही. मग लाल झालेला पदर पिळला आणि मोठ्या बाईंपुढे हात पसरला. “किल्ली.”

मोठ्या बाईंनी पदराची गाठ सोडली.

पुढच्या शुक्रवारी मोठ्या बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या, तर खोली उघडी, नववी आत, पायात चपला, कीबोर्डांचा खडखडाट. उंबऱ्यावर त्या घुटमळल्या.

गणिताच्या बाईंनी मान वर केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “बाई, माझा इथे तास चाललाय. तेवढ्यात आठवीवर जरा लक्ष ठेवता?”

मोठ्या बाई ताट घेऊन आठवीवर गेल्या.