काचेतलं मिठागर

काळुरामदादांचा जन्म वडखळकडच्या मिठागरात गेला. रामवाडीतला शेजारी मन्सूर दुबईला जाताना घराची किल्ली आणि समुद्री माशांची टाकी त्यांच्यावर सोपवून गेला. टाकीतल्या खडकाच्या भोकातून बोटभर ब्लेनी मासा डोकं काढून दादांकडे टकामका बघायचा.

पाणी आटलं की भरायला मन्सूरने शुद्ध पाण्याचे कॅन ठेवले होते. "समुद्राच्या माशाला गोडं पाणी? येडा हाय मन्सूर," म्हणत दादा खाडीचंच पाणी भरत राहिले.

महिन्याभरात ब्लेनी बाहेर येईनासा झाला. दादांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. आगरातलं पाणी आटू लागलं की असंच जास्त खारट लागतं.

"चाळीस वर्षं मीठ पिकवलं मी," ते पुटपुटले. "पाणी उडतं, मीठ मागं रातं, ह्ये मलाच कसं सुचलं नाय?"